स्कूटरचा व्हेरिएटर ट्यून करताना: आधी मोजा, मग रोलर बदला

स्कूटरला गिअर नसतो असं सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात डाव्या बाजूच्या लांबट कव्हरखाली एक बेल्ट आणि दोन पुल्या सतत गिअर बदलत असतात. तो कधी बदलायचा हे ठरवतात काही छोटे रोलर आणि एक मोठी स्प्रिंग. गाडी जागेवरून उचलत नाही, चढावर डबलसीट दम टाकते, किंवा इंजिन नुसतंच ओरडतं आणि काटा पुढे सरकत नाही, या तिन्ही तक्रारींचं मूळ बऱ्याचदा इथेच निघतं. ५० ते १५० सीसीच्या स्कूटरचं हे कव्हर पहिल्यांदाच उघडणाऱ्यांसाठी ही माहिती आहे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की असू द्या. या कामाने इंजिनाची ताकद वाढत नाही. इंजिनात जी ताकद आहे ती ज्या आरपीएमवर (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर) मिळते, तिथे इंजिनाला वेग घेईपर्यंत धरून ठेवणं, एवढंच ट्यूनिंगचं काम. म्हणून मापाशिवाय केलेला बदल हा निव्वळ अंदाज असतो. आवाज मोठा झाला की गाडी पळतेय असं वाटतं, आणि नवखे फसतात ते इथेच.

आत काय चालतं

पुढची पुली क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर बसते. तिची बाहेरची, पंख्याच्या पात्यांची चकती जागची हलत नाही. आतली चकती, म्हणजे व्हेरिएटर, एका गुळगुळीत बुशवर (धातूच्या नळीवर) पुढे-मागे सरकते. व्हेरिएटरच्या पाठीला तिरक्या खाचा असतात, त्यांत रोलर (बहुतेक गाड्यांत सहा) आणि त्यांच्या मागे रॅम्प प्लेट. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेरच्या कडेकडे फेकले जातात. मागची प्लेट हलत नाही, त्यामुळे व्हेरिएटरच बाहेरच्या चकतीकडे ढकलला जातो. फट अरुंद होते आणि बेल्ट वर चढतो. बेल्टची लांबी ठरलेली असल्यामुळे मागच्या पुलीत तो तितकाच खाली ओढला जातो, आणि तिथली मोठी स्प्रिंग दाबली जाते. हा झाला वरचा गिअर.

म्हणजे ही दोन जोरांची रस्सीखेच आहे. रोलर वरचा गिअर मागतात, मागची स्प्रिंग खालचा. स्प्रिंगच्या मदतीला टॉर्क कॅम असतो: मागच्या पुलीच्या नळीवरच्या तिरक्या खाचा आणि त्यांत फिरणाऱ्या पिना. चढ लागला, चाकावर भार आला की हा कॅम चकत्या एकमेकींकडे पिळतो आणि गाडी आपोआप खालच्या गिअरमध्ये येते. चढावर इंजिन मंदावत जात असेल आणि गिअर उतरत नसेल, तर हलक्या रोलरकडे धावण्याआधी या खाचा तपासा. तिथलं ग्रीस वाळलेलं किंवा पिना झिजलेल्या असतात.

रोलरचा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो, पण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून रोलरचं एकूण वजन ८ टक्क्यांनी कमी केलं की गिअर बदलण्याचा आरपीएम साधारण ४ टक्क्यांनी वर जातो. टक्केवारी जवळजवळ निम्मी होते, हे लक्षात ठेवलं तर पुढचा हिशेब सोपा जातो.

पहिली पायरी: झीज काढा

झिजलेल्या बेल्टवर नवे रोलर टाकणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. आधी गाडी कंपनीने दिली होती त्या स्थितीला आणा. कित्येकदा तेवढ्यानेच तक्रार मिटते आणि ट्यूनिंगची गरजच उरत नाही.

इंजिन पूर्ण थंड, गाडी मधल्या स्टँडवर, चावी काढलेली, स्पार्क प्लगची कॅप सोडलेली. कव्हरचे बोल्ट लांब-आखूड असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागेचा बोल्ट त्याच जागी खोचून ठेवा. आतली काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. ती बेल्टची आणि क्लचच्या लायनिंगची असते, आणि जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. मास्क लावा, ब्रेक क्लीनरने ओल्या फडक्याने पुसा.

मग एकेक भाग पाहा (पुली कशी उघडायची ते चौथ्या पायरीत आहे). बेल्टची रुंदी व्हर्निअरने तीन-चार ठिकाणी मोजा. बेल्टवर ७४३-२०-३० असा आकडा असेल, तर ७४३ मिमी लांबी, २० मिमी रुंदी आणि ३० अंशांचा कोन. झिजण्याची मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. नव्यापेक्षा १ मिमी कमी झालेला बेल्ट मी तरी परत बसवायला सांगणार नाही. अरुंद झालेला बेल्ट पुढच्या पुलीत पुरेसा वर चढत नाही आणि टॉप स्पीड गुपचूप कमी होतो. बेल्ट उलटा वाकवून दातांच्या मुळाशी चिरा दिसतात का तेही बघा.

रोलर हातात घेऊन काचेवर लोळवा. सपाट झालेला रोलर टक्-टक् करत थांबत-थांबत जातो. तसा रोलर खाचेत फिरण्याऐवजी घासतो, मध्येच अडतो, आणि गाडी एका ठरावीक वेगाला अडखळते. व्हेरिएटरच्या खाचांवर नखाने चाचपून पायरी लागली, तर नवे रोलरही तिथेच अडणार, व्हेरिएटर बदला. रॅम्प प्लेटच्या तीन प्लॅस्टिकच्या गाइड पट्ट्या सैल असतील तर आयडलिंगला खडखड येते. बुशवर चर पडलेत का, मागच्या पुलीतून ग्रीस गळून बेल्टच्या वाटेवर आलंय का, मागच्या पुलीबाहेरची क्लचची वाटी आतून निळी किंवा आरशासारखी चकचकीत झालीय का, हे सगळं याच वेळी.

दुसरी पायरी: आजची स्थिती लिहून ठेवा

इथे घाई करू नका. प्लगच्या वायरला गुंडाळायचा साधा आरपीएम मीटर लावा. इंजिन १०-१५ मिनिटं चालवून गरम करा. सपाट, मोकळा रस्ता, तोच चालक, टाकीत साधारण तेवढंच पेट्रोल, आणि दोन्ही दिशांना एकेक फेरी, म्हणजे वाऱ्याचा फरक निघून जातो. नजर रस्त्यावर राहिली पाहिजे, म्हणून मीटरसमोर फोन बसवून चित्रण करा आणि आकडे नंतर वाचा.

तीन आकडे हवेत. गाडी जागेवरून हलायला लागते तेव्हाचा आरपीएम, हा क्लचचा. पूर्ण थ्रॉटलवर २० पासून ५० किमीपर्यंत वेग वाढत असताना आरपीएम जिथे टिकतो तो, हा रोलर आणि स्प्रिंगचा. आणि टॉप स्पीडचा. नीट लागलेल्या गाडीत मधला आकडा जवळजवळ एकाच जागी राहतो. वेग वाढतो, इंजिनाचा आवाज मात्र बदलत नाही. शेवटी बेल्ट पूर्ण वर चढला की तिथून पुढे वेग आणि आरपीएम हातात हात घालून वाढतात.

याच्याच जोडीला मार्करची चाचणी. बाहेरच्या चकतीच्या बेल्ट बसणाऱ्या बाजूवर मध्यापासून कडेपर्यंत जाड मार्करची एक सरळ रेघ ओढा. कव्हर लावून टॉप स्पीडपर्यंत एक फेरी मारा आणि परत उघडा. बेल्ट जिथवर चढला तिथवर रेघ पुसलेली असते. कडेपासून १-२ मिमीवर रेघ शिल्लक असेल तर बेल्ट पूर्ण चढतोय. बोटभर रेघ तशीच उरली असेल तर रोलर फार हलके आहेत, मागची स्प्रिंग फार कडक आहे, बेल्ट झिजलाय, किंवा व्हेरिएटर कुठेतरी अडतोय. एवढी स्वस्त आणि एवढी खरी माहिती देणारी दुसरी चाचणी नाही.

कव्हर काढून इंजिन कधीही चालू करू नका. उघडा फिरणारा बेल्ट बोटं घेऊन जातो, शिवाय काही इंजिनांत शाफ्टच्या टोकाचं बेअरिंगच कव्हरमध्ये असतं.

तिसरी पायरी: रोलरचा हिशेब

मॅन्युअलमध्ये कमाल पॉवर आणि कमाल टॉर्क कोणत्या आरपीएमला हे दिलेलं असतं. रोजच्या वापराच्या गाडीचा मधला आरपीएम या दोन आकड्यांच्या मध्ये, पॉवरच्या आकड्याच्या ३००-५०० खाली ठेवावा. अगदी शिखरावर ठेवलं तर सेकंदभर वेगवान होईल, पण पेट्रोल, आवाज आणि बेल्टची उष्णता सगळंच वाढेल.

समजा कमाल पॉवर ७,५०० ला आहे आणि तुमच्या गाडीचा मधला आरपीएम ६,८०० मिळाला. रोलर १३ ग्रॅमचे सहा, एकूण ७८ ग्रॅम. तुम्हाला आरपीएम ७,२०० च्या आसपास हवाय. ६,८०० भागिले ७,२०० म्हणजे ०.९४४, त्याचा वर्ग ०.८९२. ७८ गुणिले ०.८९२ म्हणजे साधारण ६९.६ ग्रॅम. सहांत वाटले तर ११.६, म्हणजे ११.५ ग्रॅमचा संच घ्या. एका फटक्यात १३ वरून ९ वर उडी मारणारे लोक आठवड्याने परत १३ वर येतात.

अर्धा ग्रॅम साधायचा आणि नेमकं वजन मिळत नसेल, तर दोन वजनं मिसळता येतात: तीन ११ चे आणि तीन १२ चे, पण एकाआड एक. हलके सगळे एका बाजूला आले तर व्हेरिएटर डगमगतो आणि क्रँकच्या बेअरिंगला ताण बसतो. पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका. ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर प्रत्येक रोलर तोला. आणि मापही पाहा, कारण व्यास आणि रुंदी जुळली नाही तर वजन कितीही बरोबर असून उपयोग नाही. १३९क्यूएमबी जातीच्या ५० सीसी इंजिनात १६ × १३ मिमी चालतो, जीवाय६ जातीच्या १२५-१५० मध्ये १८ × १४.

वजन चुकलं की गाडी स्वतः सांगते. रोलर जड असतील तर गाडी लवकर वरच्या गिअरमध्ये जाते, आवाज दबका, चढावर गुदमरल्यासारखी. फार हलके असतील तर ४० च्या वेगालाच इंजिन किंचाळतं, आरपीएम लिमिटरला धडकतो आणि मायलेज घसरतं. रोलर कडेपर्यंत पोचत असतील तर वजन बदलून टॉप स्पीडचा गिअर बदलत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. हलक्या रोलरने टॉप वाढतो ही समजूत चुकीची आहे.

चौथी पायरी: उघडणं आणि बसवणं

फक्त रोलर बदलायचे तर बहुतेक गाड्यांत मागची बाजू उघडावी लागत नाही. पुढचा नट सोडताना पुली धरायला होल्डरच वापरा. पंख्याच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवला की पातं तुटतं आणि चकतीचा तोल जातो. नट, वॉशर, चकती कोणत्या क्रमाने आणि कोणती बाजू बाहेर करून निघाली याचे फोटो काढत जा. वाटीसारखा वाकलेला वॉशर उलटा बसला तर नट घट्ट राहत नाही.

व्हेरिएटर काढताना मागची रॅम्प प्लेट अंगठ्यांनी दाबून धरूनच बाहेर ओढा. जुने रोलर कोणत्या बाजूने बसले होते तेही पाहा: रोलरची एक बाजू प्लॅस्टिकने झाकलेली, दुसऱ्या बाजूला आतला धातू कडेपर्यंत दिसतो. झाकलेली बाजू खाचेच्या ज्या भिंतीवर दाब येतो तिकडे हवी. व्हेरिएटर, चकत्या आणि बुश ब्रेक क्लीनरने पुसून कोरडे करा. मॅन्युअलने स्पष्ट सांगितलं नसेल तर रोलरच्या खाचांत ग्रीस नको. ते भुकटी धरून ठेवतं आणि बेल्टवर उडतं.

परत बसवताना प्लेट पुन्हा दाबूनच ठेवा. ती जराशी जरी उचलली गेली, तर एखादा रोलर खाचेतून निसटून आडवा होतो. बाहेरून काहीच कळत नाही, आणि गाडी ३०-४० च्या पुढे जात नाही.

आता सगळ्यात महागडी चूक. बेल्ट मागच्या पुलीत ताणलेला असतानाच पुढची चकती चढवली, तर बेल्ट दोन चकत्यांच्या मध्ये चिमटला जातो. चकती बुशला टेकलेलीच नसते, पण नट मात्र घट्ट झाल्यासारखा वाटतो. दहा-वीस किलोमीटरवर बेल्ट आपली जागा घेतो, नट सैल पडतो आणि चकती क्रँकचे दाते खाऊन टाकते. दाते गेले की क्रँकशाफ्टच बदलायचा.

हे टाळायला आधी मागच्या पुलीपाशी बेल्ट मुठीत पकडून आत दाबा, जोडीला चकत्या हाताने फाकवा, म्हणजे बेल्ट खोल उतरतो आणि पुढच्या बाजूला सैल लोंबायला लागतो. त्या सैल अवस्थेतच पुढची चकती चढवा. चकती हाताने बुशला पूर्ण टेकली पाहिजे आणि शाफ्टचे दाते चकतीच्या भोकातून बाहेर दिसले पाहिजेत. मग वॉशर, मग नट. नट आवळताना बेल्ट बोटाने हलवून पाहत राहा. तो शेवटपर्यंत मोकळा हलायला हवा.

नट किती घट्ट हे मॅन्युअलवरून आणि टॉर्क पान्यानेच. काही इंजिनांना ५० न्यूटन-मीटरच्या आसपास लागतं, काहींना १०० च्या वर. अंदाजाने आवळण्याइतका हा फरक छोटा नाही. इम्पॅक्ट गन सोडायला चालेल, आवळायला नको. शेवटी क्लचची वाटी आणि मागची पुली हाताने फिरवत बेल्ट परत वर आणा, दोन-तीन फेरे फिरवून तो सरळ चालतोय हे पाहा, आणि बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेला आहे याची खात्री करा.

पाचवी पायरी: मागची स्प्रिंग आणि क्लच, गरज असेल तरच

रोलरने मधला आरपीएम जागेवर आला असेल तर इथेच थांबायला हरकत नाही. स्प्रिंगला हात लावायचा तो दोन कारणांनी: बेल्ट सरकतोय, किंवा थ्रॉटल सोडून परत दिल्यावर आणि चढावर गिअर पटकन उतरत नाही. कडक स्प्रिंग बेल्ट घट्ट धरते आणि गिअर लवकर उतरवते, पण तीच स्प्रिंग बेल्ट तापवते, ताकद खाते आणि प्रमाणाबाहेर कडक झाली की बेल्ट पूर्ण चढूच देत नाही. मूळ इंजिनाला मूळ स्प्रिंग किंवा तिच्या पुढची एक पायरी, याहून जास्त सहसा लागत नाही. स्प्रिंगवरच्या १०००, १५००, २००० या आकड्यांचा अर्थ आरपीएम तेवढा वाढेल असा नाही. रंगांचंही तसंच, एका बनवणाऱ्याची पिवळी दुसऱ्याच्या पांढऱ्याइतकी असू शकते. स्प्रिंग कडक केली की मधला आरपीएम वर जातो, म्हणून रोलर पुन्हा मोजून थोडे जड करावे लागतात.

ही स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत एका मोठ्या, पातळ नटने धरलेली असते, बऱ्याच गाड्यांत ३९ मिमीच्या. कॉम्प्रेसर टूल न लावता तो नट सोडला तर क्लच तोंडावर उडतो. टूल नसेल तर हे काम मेकॅनिककडेच द्या.

क्लचच्या तीन छोट्या स्प्रिंग फक्त एकच गोष्ट ठरवतात: गाडी कोणत्या आरपीएमला हलायला लागणार. कडक केल्या तर उचल जोरदार होते, पण गर्दीत चालण्याच्या वेगाला क्लच अर्धवट घासत राहतो आणि वाटी निळी पडते. एखादी स्प्रिंग तुटली किंवा ढिली झाली तर आयडलिंगलाच चाक ओढायला लागतं. तिन्ही एकदमच बदला. हलताना हिसके बसत असतील तर आधी वाटीची चकाकी आणि लायनिंगचा वरचा थर बारीक पॉलिश पेपरने काढून पाहा. स्प्रिंगपेक्षा तेच कारण जास्त वेळा निघतं.

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तेच तीन आकडे परत. रोलर, स्प्रिंग आणि सायलेन्सर एकाच दिवशी बदलले तर काय कशाने झालं हे कुणालाही सांगता येणार नाही. सायलेन्सर बदलायचाच असेल तर तो आधी, कारण त्याने पॉवरचं शिखरच सरकतं. मात्र असा बदल तुमच्याकडच्या वाहन नियमांत आणि विम्यात बसतो का, ते आधी पाहून घ्या.

नवा बेल्ट टाकला असेल तर पहिले दोन-तीनशे किलोमीटर पूर्ण थ्रॉटल टाळा. १०० किलोमीटरनंतर एकदा कव्हर उघडा. नट टॉर्क पान्याने तपासा, भुकटी किती जमली ते पाहा, आणि मार्करची रेघ परत ओढा. आणि बंद करण्याआधी कव्हरच्या आतल्या बाजूला त्याच मार्करने तारीख, किलोमीटर, बेल्टची रुंदी आणि रोलरचं काट्यावरचं वजन लिहून ठेवा. पुढच्या वेळी कव्हर उघडणाऱ्याला सगळ्यात आधी तेच लागतं.